डॉमिनिकाचे दहा दिवस: आधी डोंगर, मग समुद्र

तिकीट शोधताना सगळ्यात आधी विमानतळाचा तीन अक्षरी कोड बघा. 'डीओएम' असेल तर तुम्ही कॅरिबियनमधल्या डॉमिनिका बेटावर चाललात. 'एसडीक्यू' किंवा 'पीयूजे' दिसलं, तर तो डॉमिनिकन रिपब्लिक. तो देश वेगळा, तिथली भाषा स्पॅनिश, आणि दोघांच्या मध्ये समुद्र आणि बरीच बेटं. नावातल्या या साम्यामुळे हॉटेलं चुकीच्या देशात बुक होतात, बॅगाही चुकीकडे जातात. उच्चारही ध्यानात ठेवा. तिथले लोक 'नी'वर जोर देऊन 'डॉमिनीका' म्हणतात.

बेट ४७ किलोमीटर लांब, फार तर २६ किलोमीटर रुंद, लोकवस्ती सत्तर हजारांच्या आसपास. राजधानी रोझो जवळपास मडगावच्याच अक्षांशावर आहे, त्यामुळे उकाडा, दमटपणा, संध्याकाळी झटकन पडणारा काळोख यांत आपल्याला नवं काही नाही. नवा आहे तो उभा चढ. मॉर्न डियाब्लोतँ हे सर्वोच्च शिखर १,४४७ मीटरचं, म्हणजे हरिश्चंद्रगडापेक्षा थोडं उंचच, आणि ते समुद्रापासून जेमतेम सात किलोमीटरवर उभं आहे. पांढऱ्या वाळूवर आडवं पडायचं असेल तर हे बेट निवडू नका. इथली बहुतेक वाळू काळी, ज्वालामुखीची. चालायला, दोरावरून धबधब्यात उतरायला आणि पाण्याखाली बघायला मात्र कॅरिबियनमध्ये याच्या तोडीची बेटं फार नाहीत.

कधी

कोरडा हंगाम जानेवारी ते मे. 'कोरडा' हा शब्द किनाऱ्यापुरता खरा. डोंगरात वर्षाला साडेसात हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो. आंबोलीत चार महिन्यांत साधारण एवढाच पडतो, इथे तो बारा महिन्यांत विभागलेला आहे. म्हणजे फेब्रुवारीतसुद्धा डोंगरात भिजायचं हे धरूनच चाला.

चक्रीवादळांचा हंगाम १ जून ते ३० नोव्हेंबर, त्यातही ऑगस्ट ते ऑक्टोबर टाळाच. १८ सप्टेंबर २०१७ रोजी पाचव्या श्रेणीचं मारिया वादळ बेटावरून गेलं आणि झाडांवर पान उरलं नाही. स्वस्त तिकिटं नेमकी याच महिन्यांत दिसतात.

स्पर्म व्हेल इथे वर्षभर असतात, पण बघायला नोव्हेंबर ते मार्च चांगला. सगळ्याचा मेळ फेब्रुवारी-मार्चमध्ये बसतो. फक्त कार्निव्हलची तारीख तपासा. तो ॲश वेन्सडेच्या (ख्रिस्ती उपवासकाळाच्या पहिल्या बुधवारच्या) आधीच्या सोमवारी-मंगळवारी असतो. त्या आठवड्यात खोल्या भरलेल्या असतात आणि गाइड मिळत नाहीत. ऑक्टोबरअखेरच्या क्रिओल संगीत महोत्सवापासून ३ नोव्हेंबरच्या स्वातंत्र्यदिनापर्यंतही तेच.

पोहोचायचं कसं

भारतीय पासपोर्टवर डॉमिनिकाला पर्यटनासाठी आधी व्हिसा काढावा लागत नाही. परतीचं तिकीट आणि राहण्याचा पत्ता मात्र विचारतात. अडचण वाटेतल्या देशांची असते. थेट विमान नाही, दोन-तीन टप्पे होतातच.

अमेरिकेमार्गे जायचं तर नुसतं विमान बदलायलाही अमेरिकेचा व्हिसा लागतो, कारण तिथे विमानतळाच्या आत थांबून पुढे जाण्याची सोयच नाही. बॅगाही तिथे उतरवून घेऊन पुन्हा द्याव्या लागतात. तो व्हिसा आधीच असेल तर मायामीहून डॉमिनिकाला थेट विमान आहे, आणि हा सर्वांत सोपा रस्ता. अमेरिकेत एच-१बी वर राहणाऱ्यांनी एक गोष्ट बघावी. पासपोर्टवरच्या व्हिसाची मुदत संपलेली असेल तर कॅनडा-मेक्सिकोच्या छोट्या फेरीला मिळते ती परत येण्याची सवलत या बेटांना त्यांच्यासाठी लागू नाही.

ज्यांच्याकडे अमेरिकेचा व्हिसा नाही त्यांनी बार्बाडोसमार्गे आखणी करावी. बार्बाडोसला भारतीयांना पर्यटनासाठी आधी व्हिसा लागत नाही. युरोपातून तिथे मोठी विमानं येतात आणि पुढे डॉमिनिकाला छोटी. लंडनमध्ये विमान बदलत असाल तर ट्रान्झिट व्हिसाचा नियम आधी वाचा. आणखी एक खाच आहे. भारतातून येणारी बहुतेक विमानं हीथ्रोला उतरतात, कॅरिबियनची बरीच विमानं गॅटविकहून सुटतात. विमानतळ बदलायचा म्हणजे लंडन शहरात बाहेर यायचं, आणि त्याला विमानतळाच्या आतल्या ट्रान्झिटचा व्हिसा पुरत नाही. तिकीट विकणारी संकेतस्थळं हे सांगत नाहीत.

ग्वादेलूप आणि मार्टिनिक ही शेजारची बेटं फ्रान्सची आहेत आणि तिथून डॉमिनिकाला फेरीबोट येते. पण नेहमीचा शेंगेन व्हिसा तिथे आपोआप चालत नाही. व्हिसावर तसा वेगळा उल्लेख लागतो.

त्रिनिदादमार्गे जाणाऱ्यांसाठी: भारताच्या यादीत त्रिनिदाद पीतज्वराचा प्रदेश आहे. तिथे मुक्काम केला आणि लशीचं प्रमाणपत्र नसलं, तर भारतात परतल्यावर सहा दिवसांपर्यंत विलगीकरणात ठेवू शकतात. लस निघण्याच्या निदान दहा दिवस आधी घ्यावी लागते.

बार्बाडोसमध्ये जाताना एक रात्र मोकळी ठेवा. पुढचं विमान लहान असतं, दिवसाला फेऱ्या कमी, आणि एक चुकलं की दुसरं उद्याच. छोट्या विमानात बॅग मागे राहणं नेहमीचं आहे. म्हणून चालायचे बूट पायात घालूनच निघा आणि ट्रेकचा एक पूर्ण जोड, औषधं, पोहण्याचे कपडे हातातल्या पिशवीत ठेवा. हरवलेली बॅग दोन दिवसांनी मिळते, पण इथे तुमच्या मापाचे बूट मिळतीलच असं नाही.

आखणीचा क्रम

नवखे लोक आधी यादी करतात आणि मग नकाशावर जवळ-जवळची ठिकाणं एका दिवसात कोंबतात. इथे अंतरं फसवी आहेत. क्रम ठरवायला तीन गोष्टी धरा.

पहिली, डायव्हिंगनंतर उंचीवर जायचं नाही. शरीरात विरघळलेला नायट्रोजन बाहेर पडायला वेळ लागतो, आणि त्याआधी उंचीवरच्या कमी दाबात गेलं तर त्याचे बुडबुडे होतात. विमानात बसण्याआधी एकाच डाइव्हनंतर किमान १२ तास आणि एकाहून जास्त डाइव्हनंतर किमान १८ तास मोकळे हवेत. लोक विमानाचं लक्षात ठेवतात आणि डोंगर विसरतात. फ्रेशवॉटर लेक ७६० मीटरवर आहे, बॉइलिंग लेकची वाट त्याहूनही वर जाते. सकाळी डाइव्ह आणि दुपारी गाडीने तळ्यावर, हा बेत सांधे धरण्याचा आहे. म्हणून डोंगर आधी, समुद्र नंतर, आणि शेवटचा दिवस कोरडा.

दुसरी, मोठ्या चालीच्या मागे एक रिकामा दिवस. पाऊस आला तर चाल त्या दिवशी सरकते. नाही आला तर पाय मोकळे करायला दिवस मिळतो.

तिसरी, क्रूझ जहाजांचं वेळापत्रक. ते ऑनलाइन मिळतं. जहाज असेल त्या दिवशी ट्रफाल्गर धबधबे, एमराल्ड पूल आणि शॅम्पेन रीफ इथे सकाळी दहा ते दुपारी दोन गर्दी असते. आठला पोहोचा किंवा तीननंतर जा.

यातून दहा दिवस साधारण असे बसतात:

पहिला दिवस: विमानतळ ईशान्येला, मुक्काम रोझो खोऱ्यात. ट्रफाल्गर किंवा वॉटन वेव्हन या गावांत खोली घ्या, रोझो शहरात नको. गाडीने सव्वा तासाहून कमी धरू नका.

दुसरा: ट्रफाल्गर धबधबे आणि टिटू गॉर्ज. सोपं, आणि बूट कसे वागतात ते कळतं.

तिसरा: मिडलहॅम धबधबा, किंवा फ्रेशवॉटर लेकपासून बोएरी लेक.

चौथा: बॉइलिंग लेक.

पाचवा: राखीव. पाऊस झाला नाही तर वॉटन वेव्हनच्या गंधकाच्या कुंडात बसा आणि रोझोचा बाजार बघा. बाजार शनिवारी सकाळी खरा भरतो. तिथल्या वनस्पती उद्यानात १९७९ च्या डेव्हिड वादळात एका रिकाम्या बसवर गोरखचिंचेचं झाड कोसळलं. बस अजून तिथेच चेपलेली आहे आणि झाडही पुन्हा फुटलं आहे.

सहावा: शॅम्पेन रीफ आणि सूफ्रिएरच्या उपसागरात डाइव्ह.

सातवा: व्हेल बघायची बोट, मग पश्चिम किनाऱ्याच्या रस्त्याने पोर्ट्समथ. हाच रस्ता घ्या. तो समुद्राच्या पातळीवर राहतो, मधला रस्ता डोंगरावरून जातो.

आठवा: सकाळी इंडियन रिव्हर, दुपारी कॅब्रिट्सचं भूशिर आणि तिथला फोर्ट शर्ली किल्ला.

नववा: वायतुकुबुली या बेटभर जाणाऱ्या पायवाटेचा एक टप्पा, किंवा पहाटे सिंडिकेटच्या जंगलात पोपट बघायला.

दहावा: विमान दुपारचं असेल तर आधी कालिनागो टेरिटरी, म्हणजे बेटाच्या मूळ रहिवाशांचा प्रदेश.

दिवस कमी असतील तर मिडलहॅम किंवा पोर्ट्समथची एक रात्र काढा. राखीव दिवस काढू नका.

घरची तयारी

बॉइलिंग लेकला जाऊन-येऊन सुमारे १३ किलोमीटर चाल आणि एकूण हजार मीटरच्या जवळ चढ आहे. बारी गावातून कळसूबाई चढून त्याच दिवशी उतरणं आणि दुसऱ्या दिवशी जिना धरून न उतरणं, एवढं जमत असेल तर अंगात पुरेसा दम आहे. निघण्याच्या आठ आठवडे आधीपासून आठवड्यातून तीनदा चाळीस मिनिटं जिने, आणि उतरण्याचा सराव जास्त. इथल्या पायऱ्या लाकडी ओंडक्यांच्या, कित्येक ठिकाणी गुडघ्याएवढ्या उंच आणि कायम ओल्या असतात, त्यामुळे मांड्या उतरतानाच संपतात. पावसाळ्यात सह्याद्रीत चालणाऱ्याला हा चिखल नवा वाटणार नाही.

पोहता येत नसेल तर आताच शिकायला लागा. जीवरक्षक जॅकेट घालून बरंच काही करता येतं, पण पाण्यात तोंड घालून शांत श्वास घ्यायची सवय नसेल तर स्नॉर्कलिंगची मजा पाच मिनिटांत जाते. तरणतलावात मास्क आणि नळी घेऊन चार-सहा वेळा सराव पुरतो. डायव्हिंगचं प्रमाणपत्र घ्यायचं असेल तर ते सुट्टीच्या आधी घ्या. तारकर्लीला एमटीडीसीची स्कूबा डायव्हिंग संस्था आहे, गोव्यातही शिकवतात. प्रमाणपत्राशिवाय होणारी तोंडओळखीची डाइव्ह प्रशिक्षकाबरोबर १२ मीटरपर्यंतच जाते. 'ओपन वॉटर' हे पहिलं प्रमाणपत्र असेल तर १८ मीटर. दमा, सायनस, कानाचं ऑपरेशन यांबद्दल आरोग्याच्या फॉर्मवर 'हो' लिहिलं तर डॉक्टरचं पत्र मागतात. ते घरून न्या.

प्रवास विम्यात 'साहसी खेळ' हा शब्द असून भागत नाही. स्कूबा किती खोलीपर्यंत, ट्रेक किती उंचीपर्यंत आणि रुग्णाला दुसऱ्या बेटावर विमानाने हलवण्याचा खर्च, या तीन ओळी शोधा. तिसरी सगळ्यात महत्त्वाची. गंभीर दुखापतीला बार्बाडोस किंवा मार्टिनिकला न्यावं लागू शकतं. शिवाय वादळाला नाव पडल्यावर काढलेला विमा त्या वादळाचं नुकसान भरत नाही.

सामान

बूट: खोल खाचांचा तळवा, आधी निदान पन्नास किलोमीटर वापरलेले. जलरोधक बुटांचा आग्रह धरू नका. पाणी वरून आत येतं आणि मग बाहेर निघत नाही. लवकर निथळणारे बरे. मोजे लोकरीचे किंवा सिंथेटिक, तीन जोड. सुती मोजे आणि जीन्स घरीच राहू द्या.

पातळ रेनकोट, पाठपिशवीच्या आत एक मोठी जाड प्लॅस्टिकची पिशवी (बाहेरचं कव्हर वाऱ्यात उडतं), डोक्याचा दिवा, टोपी, लांब बाह्यांचा पोहण्याचा शर्ट. वारा सतत असल्यामुळे ऊन लागल्याचं कळत नाही आणि रात्री पाठ सोलते. प्लगसाठी तीन चौकोनी पिनांचा, ब्रिटिश पद्धतीचा ॲडॉप्टर. वीज आपल्यासारखीच २२०-२४० व्होल्ट.

आणि एक गोष्ट मुळीच न्यायची नाही: लष्करी छाप्याचे कपडे. आपल्याकडे ट्रेकर्स सर्रास वापरतात त्या हिरव्या-तपकिरी ठिपक्यांच्या पँटी, टोप्या, पिशव्या डॉमिनिकात आणि बार्बाडोसमध्येही नागरिकांना बेकायदा आहेत. मुलांच्या टी-शर्टवरही हा छापा असतो, तेव्हा बॅग भरताना बघा.

पैसे आणि गाड्या

चलन पूर्व कॅरिबियन डॉलर. १ अमेरिकी डॉलर म्हणजे २.७० पूर्व कॅरिबियन डॉलर, हा दर १९७६ पासून बांधलेला आहे. दोन्ही चालतात, सुटे स्थानिक चलनात मिळतात. पण टॅक्सीवाला 'साठ डॉलर' म्हणाला तर कुठले? गाडीत बसायच्या आधी 'ईसी की यूएस' एवढं विचारा. वादाचं मूळ बहुतेक वेळा इथेच असतं. एटीएम रोझो आणि पोर्ट्समथमध्ये, खेड्यांत रोख लागते.

मिनीबसची नंबरप्लेट 'एच' अक्षराने सुरू होते. थांबे ठरलेले असले तरी रस्त्यावर हात केला की थांबते. संध्याकाळी लवकर विरळ होतात, रविवारी जवळजवळ नसतात, आणि रोझोतून बाहेर जाणाऱ्या सोप्या मिळतात पण आडवं जाणं अवघड. चार जण असाल तर गाडी भाड्याने घ्या. ती डावीकडूनच चालवायची, म्हणजे निम्मं काम सोपं. स्थानिक तात्पुरता परवाना गाडी देणाराच काढून देतो, मूळ परवाना जवळ ठेवा. रस्ते अरुंद, घाटाचे, आणि कडेला उघडी खोल गटारं. समोरच्याला जागा द्यायला जाऊन चाक त्यात जाणं हा इथला नेहमीचा अपघात. आंधळ्या वळणावर हॉर्न द्या, त्याला इथे कोणी उद्धटपणा समजत नाही.

निसर्गस्थळांना प्रवेशशुल्क आहे. तीनपेक्षा जास्त ठिकाणं बघणार असाल तर आठवड्याचा पास घ्या. वायतुकुबुली वाटेचा पास वेगळा असतो.

बॉइलिंग लेक

मॉर्न त्रॉ पितों राष्ट्रीय उद्यान १९९७ मध्ये जागतिक वारसा यादीत आलं. त्याच्या पोटात हे सुमारे साठ मीटर रुंदीचं उकळतं तळं आहे. पाणी खालून येणाऱ्या तप्त वाफेने आणि वायूंनी खदखदतं. कडेलाच ते ८२ ते ९२ अंश सेल्सियस भरतं, मध्ये तर उकळ्या फुटत असतात. २००४ च्या अखेरीस ते एकाएकी आटलं आणि २००५ मध्ये पुन्हा भरलं. तेव्हा निघण्याआधी गाइडला 'सध्या तळं कसं आहे' हा प्रश्न विचारण्यात काही गैर नाही.

गाइड घ्याच. वाट बहुतेक ठिकाणी कळते. गाइड लागतो तो व्हॅली ऑफ डेसोलेशन या वाटेतल्या उजाड, वाफाळत्या खोऱ्यासाठी आणि धुक्यासाठी.

सकाळी सात वाजता टिटू गॉर्जपासून वाटेला लागा. पहिला तासभर जंगलातून ब्रेकफास्ट रिव्हरपर्यंत. पाणी भरून घ्यायची ही शेवटची जागा, पुढचे ओढे खनिजांचे आहेत. माणशी तीन लिटर पाणी, दोन ओआरएसच्या पुड्या आणि हाताने खाता येईल असं खाणं: पराठे, खजूर, चिक्की. इथून मॉर्न निकल्सचा चढ, साधारण तासाभराचा. वर ९६० मीटरच्या पुढे वारा झोंबतो. घामाने भिजलेल्या अंगाने तिथे फोटो काढत बसू नका, रेनकोट चढवा.

मग उतार सुरू होतो तो थेट खोऱ्यात, आणि दुखापती इथेच होतात. डोंगराकडे पाठ करून उतरण्याऐवजी तोंड डोंगराकडे करून, हात टेकत उतरा. यासाठी रबरी पकडीचे हातमोजे उपयोगी. खाली झाडं संपतात. पांढरे, काळे, पिवळे ओढे, वाफेची भोकं, कुजक्या अंड्यांचा वास. जमिनीचा पापुद्रा काही ठिकाणी पातळ आहे आणि खाली उकळता चिखल. गाइडचं पाऊल जिथे, तुमचंही तिथेच. वाफेत शिरून सेल्फी नको. चांदीची अंगठी, पैंजण, जोडवी मुक्कामी काढून ठेवा, गंधकाच्या वायूने काळी पडतात. दमा असलेल्यांनी पंप खिशात ठेवावा, पिशवीच्या तळाला नाही. काही गाइड इथल्या उकळत्या पाण्यात अंडी उकडून खायला घालतात. ती खायला हरकत नाही.

तळं आणखी पाऊण तासावर. काठावर रेलिंग नाही आणि कडा ठिसूळ आहे. वाफेचा पडदा सरकायची वाट बघावी लागते, पंधरा मिनिटं थांबा.

दुपारी बारापर्यंत तळ्यावर नसाल तर जिथे असाल तिथून परत फिरा. येतानाचा चढ तेवढाच आहे, पाय दमलेले असतात, आणि झाडीत काळोख किनाऱ्यापेक्षा अर्धा तास आधी होतो. परतल्यावर टिटू गॉर्जच्या गार पाण्यात पोहायचं असतं. भिंतींमधली चिंचोळी घळ, टोकाला धबधबा. जीवरक्षक जॅकेट तिथे भाड्याने मिळतं. पाणी गढूळ झालं, पानं-काटक्या वाहून येऊ लागल्या किंवा आवाज बदलला तर क्षणात बाहेर या. वर डोंगरात पाऊस पडला की घळीत लोंढा येतो, तुमच्या डोक्यावर ऊन असलं तरी. नदी ओलांडतानाही हाच नियम.

दोराने धबधबे उतरायचे असतील तर याच भागात कॅन्यनिंग होतं. आधीचा अनुभव लागत नाही. वेटसूट, हेल्मेट, हार्नेस देतात आणि तासभर कोरड्या जागी शिकवतात. फक्त ते बॉइलिंग लेकच्या दुसऱ्याच दिवशी ठेवू नका.

पाण्याखाली

शॅम्पेन रीफ रोझोच्या दक्षिणेला. समुद्रतळातून ज्वालामुखीचे वायू बारीक बुडबुड्यांनी वर येतात आणि त्यातून पोहता येतं. बुडबुडे तीन-पाच मीटर पाण्यातच आहेत, तेव्हा स्नॉर्कलिंग पुरे. किनारा गोट्यांचा आहे, पायात रबरी बूट हवेत. खडकावर पाय टेकू नका, काटेरी अर्चिन भरपूर. मास्कमध्ये पाणी येत राहण्याचं सर्वांत साधं कारण मिशी. वरच्या ओठाजवळ थोडं व्हॅसलिन लावा किंवा मिशी बारीक करा. चष्मा असणाऱ्यांनी नंबरचा मास्क आधी मागून ठेवावा.

सूफ्रिएरचा उपसागर म्हणजे बुडालेल्या ज्वालामुखीचं विवर. भिंती सरळ खोल जातात, म्हणून नवख्या डायव्हरने आपल्या खोलीमापकाकडे दर मिनिटाला बघावं. तळ दिसत नाही आणि नकळत वीस मीटर होतात. हा भाग संरक्षित सागरी क्षेत्र आहे, डाइव्ह परवानाधारक संस्थेबरोबरच होते.

व्हेलच्या बोटीवर चार तास हलत्या समुद्रात जातात. मळमळीची गोळी निघण्याच्या तासभर आधी घ्या, मळमळू लागल्यावर ती पोटात राहत नाही. बोटीवाले पाण्यात ध्वनिग्राहक सोडून व्हेलचे टिकटिक आवाज ऐकत जातात. पाण्यात उतरून व्हेलबरोबर पोहणं हे वेगळ्या सरकारी परवान्याचं काम आहे. बोटीवर 'उतरा थोडं' म्हणणारा कोणी भेटला तर नकार द्या.

पूर्वेचा अटलांटिक किनारा फोटोपुरता. लाटा आणि ओढ दोन्ही वाईट, पोहणं पश्चिमेलाच.

उत्तरेकडे

वायतुकुबुली राष्ट्रीय पायवाट २०११ मध्ये खुली झाली. दक्षिणेच्या स्कॉट्स हेडपासून उत्तरेच्या कॅब्रिट्सपर्यंत १८५ किलोमीटर, १४ टप्पे. कालिनागो भाषेत वायतुकुबुली म्हणजे 'उंच तिची काया'. खुणा निळ्या-पिवळ्या. अर्धा तास खूण दिसली नाही तर पुढे रेटू नका, शेवटच्या खुणेपर्यंत मागे जा. सात, आठ, नऊ हे मधले टप्पे दमवणारे आणि एकाकी, पहिल्या खेपेला नकोत. तेरावा, पेनव्हिल ते कॅपुचिन, नवख्यांना बरा. डावीकडे डोंगर, समोर समुद्रापलीकडे फ्रेंच बेटं. टप्पा संपतो तिथे बस उभी नसते, परतीची गाडी आदल्या दिवशी ठरवा. दरडींनी टप्पे बंद होतात, वनखात्याकडे चौकशी करूनच निघा.

इंडियन रिव्हरवर इंजिनाला बंदी, वल्ह्याचीच होडी. सकाळी आठच्या आत जा. दोन्ही काठांवर पाण्यात पसरलेली नागमोडी मुळं दिसतात ती आपल्या बिबळ्याच्या कुळातल्या झाडाची.

खाणं

शाकाहारी माणूस इथे उपाशी राहत नाही, पण विचारावं लागतं. कॅलालू सूप अळूच्या पानांचं, फदफद्याचा दूरचा भाऊच, मात्र त्यात खेकडा किंवा खारवलेलं मांस असू शकतं. 'प्रोव्हिजन्स' म्हणजे उकडलेली अळकुडी, सुरण, कच्ची केळी, विलायती फणस. ट्रेकच्या आदल्या रात्री याहून चांगलं जेवण नाही. रास्ताफारी पंथाच्या मंडळींची 'आयटल' खानावळ दिसली तर तिथे मांस नसतंच. कालिनागो टेरिटरीत कसाव्याची भाकरी भाजून देतात. आपला साबुदाणा याच कंदाचा. 'माउंटन चिकन' कोंबडी नव्हे, बेडूक आहे. तो नामशेष व्हायला आलेला असल्यामुळे पकडायला बंदी आहे.

दुखणी आणि धोके

विषारी साप डॉमिनिकात नाहीत. रात्री जंगलात ही मोठी सोय. डास मात्र आहेत, डेंगी होते. लेप्टो आपल्याला मुंबई-कोकणामुळे माहीतच आहे. इथेही पावसानंतर गढूळ ओढ्यात जखमी पाय बुडवू नका, आणि आधी गोळी घ्यायची का ते डॉक्टरला निघण्यापूर्वी विचारा. किनाऱ्यावर मँचिनील नावाचं झाड असतं, हिरव्या लहान सफरचंदासारखी फळं. चीक अंगावर फोड आणतो आणि पावसात पानांवरून ठिबकणारं पाणीही. त्याच्याखाली आडोसा घेऊ नका, फळ तोंडात घालू नका. काही ठिकाणी बुंध्यावर लाल पट्टा मारलेला असतो, सगळीकडे नसतो.

डोंगरात फोनला रेंज नसते. कुठे चाललात आणि किती वाजता परत येणार, हे मुक्कामाच्या घरमालकिणीला सांगून निघा. खेड्यात कोणाशीही बोलण्याआधी 'गुड मॉर्निंग' म्हणतात. ते न म्हणता रस्ता विचारणं उर्मटपणाचं मानतात.

परतीच्या आदल्या संध्याकाळी बूट घासून, खाचांतला चिखल काढून वाळवा. मातीने माखलेले बूट पुढच्या बेटावरच्या कस्टम्समध्ये अडवले जाऊ शकतात, आणि ओले बूट बॅगेत कोंबले तर मुंबईपर्यंत बाकीचे कपडेही तोच वास घेऊन येतात.